झारापला गाडी वळवा

मुंबई-गोवा महामार्ग झाराप ते पत्रादेवी सावंतवाडीला बगल देऊन जातो. गोव्याची घाई असलेल्यांचं भलं झालं. सावंतवाडीतल्या चितारआळीच्या, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गल्लीच्या, दारावरून जाणारं गिऱ्हाईक मात्र त्या रस्त्याने पळवलं. म्हणून झारापलाच गावाकडे वळायचं. पण दुपारी एकला पोचू नका. कोकणातली दुपार जेवणाची आणि वामकुक्षीची. दुकानांच्या फळ्या चार वाजता निघतात. तोवर मोतीतलावाच्या काठावर बसा. मला त्या बंद दुकानांचा राग येतो, आणि हेवाही वाटतो.

खरी पारख लाकडी फळांत. हापूस, काजू, फणसाची फोड: उचलून वजन बघा. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ असतं, म्हणून नक्षीला सोपं. पण ते नीट सुकवायला वेळ लागतो. ओलंच कातलं तर घरी गेल्यावर देठापासून चीर पडते. कीडही याच लाकडाला लवकर लागते. सांधा आणि तळ उन्हात धरून बघा: बारीक गोल भोकं आणि पिठासारखा भुगा दिसला तर सोडून द्या. ओला रुमाल घासून बघा, रंग रुमालावर उतरला तर तेही नको. पावसाळ्यात दमट हवेने रंग लवकर सुकत नाही, बोटाला चिकट लागतो. त्यात कारागिराचा दोष नाही, पण तेव्हा भातुकली घेतलीत तर कागदात घट्ट गुंडाळू नका, कागद चिकटून बसतो.

लग्नात वाटायला पन्नास नग हवे असतील तर काही महिने आधी सांगा आणि आगाऊ पैसे द्या. लाकूड भरून ठेवायचं तर छोट्या दुकानाचं भांडवल त्यातच अडकतं. ऐनवेळी मागितलं की ओलं लाकूड तरी पदरात पडतं, नाहीतर बाहेरून आणलेला यंत्राचा माल. वर घासाघीस करायची, ही आपली जुनी खोड.

राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवताना बघायला मिळतात. दशावतारी जोडात १२० पानं: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. ही कला संपत आली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी ती वृद्ध कारागीर पुंडलिक चितारींकडून शिकून घेतली, म्हणून टिकली. अख्खा जोड महाग वाटतोच. १२० चित्रं हाताने, कुंचल्याने. परवडत नसेल तर सुटं पान मिळतं का विचारा.

आणि घेतलेली फळं गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नका, वरचा थर मऊ पडतो.