मानधनावरची वर्षं

अमेरिकेच्या हम्फ्री फेलोशिपचा अर्ज केलेले लोक निबंधांबद्दल बोलतात. माझे निबंध पटकन झाले. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), ग्रामसभा, वनहक्क यात इतकी वर्षं गडचिरोलीत घालवल्यावर विषय शोधावा लागत नाही. टोफेल ही इंग्रजीची परीक्षाही पार पडली. मी अडकले ती इथेच नागपुरात, पूर्वी जिथे काम केलं त्या संस्थेच्या सचिवांच्या टेबलासमोर, अनुभवाच्या पत्रासाठी. तो राग अजून उतरलेला नाही.

ही फेलोशिप 1978 मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात सुरू झाली. दहा महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात राहायचं, पण पदवी मिळत नाही आणि विद्यापीठही आपण निवडत नाही. भारतातले अर्ज यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेकडे जातात. पदवीनंतर किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. माझी सुरुवातीची वर्षं या संस्थेतली. ती सोडली तर पाच भरत नव्हती, आणि हातात कागद नसताना नुसत्या तारखा भरायची माझी तयारी नव्हती.

सचिव म्हणाले, "तुम्ही मानधनावर होता. अनुभवाचं पत्र आम्ही कर्मचाऱ्यांना देतो."

दिवसा सामूहिक वनहक्काच्या दाव्यांच्या फायली जुळवायच्या, रात्री ग्रामसभेत बसायचं, मिळेल त्या एसटीने परतायचं. वार्षिक अहवालात याच संस्थेने माझ्या फोटोखाली 'आमच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या' असं छापलंय! हे दाखवलं तर म्हणे, विश्वस्तांच्या बैठकीत ठेवू. बैठक पुढे गेली. मग अध्यक्ष बाहेरगावी. नवतपा सुरू झाला, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना, आणि मी त्यांच्या बंद कूलरखाली बसलेली. "काहून एवढी घाई करता मॅडम?" मुदत संपते म्हणून, बाप्पा!

वनहक्काच्या दाव्याला एकाहून जास्त पुरावे लागतात, पण गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणंही त्यात पुरावा धरतात. हे मी गावोगाव समजावून सांगत फिरले. माझ्या स्वतःच्या कामाला मात्र कुणा आजोबांची साक्ष चालणार नव्हती.

वाट काढली भाच्याने. सीए करतोय. "मावशी, मानधनातून टीडीएस कापायचे ना?" पैसे देतानाच कापून घ्यायचा तो कर. कापायचे, दहा टक्के, न चुकता. म्हणजे संस्थेने पैसे दिल्याची नोंद आयकर खात्याच्या 26एएस या पत्रकात तारखांसकट असणार. बर्डीवर प्रिंट काढल्या, अहवालातलं ते पान जोडलं, सगळ्या विश्वस्तांच्या नावे अर्ज लिहिला आणि आवक क्रमांक टाकून पोच घेतली. पोच मागितल्यावर सचिवांचा चेहरा बदलला. पत्र दुसऱ्या दिवशी तयार. बैठक वगैरे काही झाली नाही.

मसुदा आपणच टाइप करून न्या, त्यांच्यावर सोडू नका. माझ्या पत्रात 'मानधन तत्त्वावर, पूर्णवेळ' हे शब्द आणि रुजू झाल्यापासून सोडेपर्यंतच्या तारखा आहेत. आत्ता जिथे काम करता तिथे दहा महिन्यांच्या रजेचं आधीच बोलून ठेवा. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. मुलाखतीपर्यंत पोचले. तिथे मानधनाचा म सुद्धा निघाला नाही, सगळा वेळ ग्रामसभेवर बोलणं झालं.

आणि हो, 26एएस काढताना वर्ष नीट बघा. तिथे कर निर्धारण वर्ष विचारतात, म्हणजे 2016-17 मध्ये मिळालेलं मानधन 2017-18 निवडल्यावर दिसतं.