तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात खड्डे कमी पडले का?

"पुण्यात खड्डे कमी पडले, म्हणून अमेरिकेत जाऊन दगडांवरून गाडी चालवलीस का?" हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, मुंजीच्या पंगतीत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना विचारून झालेला आहे. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, आजूबाजूचे हसले की त्याचं काम झालेलं असतं. तुम्ही मात्र विचारलंत आणि थांबलात, म्हणून सांगते.

आम्ही इंजिनिअरिंगचे जुने मित्रमैत्रिणी. त्यातला एक बरीच वर्षं डेन्व्हरला आहे. त्याच्याकडे जीप रँग्लर, त्याच्या शेजाऱ्यांकडे आणखी एक. डेन्व्हरहून पश्चिमेला पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास गेलं की युटा राज्यात मोआब नावाचं छोटं गाव लागतं. शेजारून कोलोरॅडो नदी वाहते, पूर्वेला ला साल डोंगर आहेत, त्यांच्यावर एप्रिलमध्येही बर्फ असतं, आणि मधल्या सगळ्या भागात लाल-केशरी उघडा खडक. झाड म्हणावं तर जुनिपरची बुटकी झुडपं. या खडकावरून जीप चालवायला लोक जगभरातून येतात.

आता, उघड्या खडकावर वाटा केल्या कोणी? हौशी लोकांनी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या सरकारला अणुबाँबसाठी युरेनियम हवं होतं आणि ते शोधून देणाऱ्याला चांगला भाव मिळत होता. 1952 मध्ये चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूगर्भतज्ज्ञाला मोआबच्या आग्नेयेला मोठा साठा सापडला, तो रातोरात लक्षाधीश झाला, आणि मग जो उठला तो गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, घेऊन वाळवंटात शिरला. लष्कराने विकायला काढलेल्या जुन्या जीपा या लोकांनी घेतल्या. जिथे जीपही जाईना तिथे बुलडोझर घातला. युरेनियमची लाट ओसरली, वाटा राहिल्या. 1967 मध्ये गावच्या व्यापारी मंडळाने ईस्टरच्या सुट्टीत त्याच वाटांवर जीपची सफर सुरू केली, ती आजही भरते. त्या धंद्याची घाणही राहिली होती. गावाच्या वेशीवर, नदीला लागून, युरेनियमच्या गिरणीच्या किरणोत्सारी गाळाचा प्रचंड ढीग होता. तो तिथून उचलून रेल्वेने दूर नेऊन पुरण्याचं काम 2009 मध्ये सुरू झालं. पर्यटकांच्या फोटोंत तो ढीग सहसा नसायचा.

तर उत्तर.

आम्ही गेलो त्या वाटेचं नाव हेल्स रिव्हेंज. लांबी सगळी मिळून दहा-अकरा किलोमीटर, आणि थांबत, खात, बघत आम्हाला अर्धा दिवस लागला. यावर चाकणला नोकरी करणारा कोणीही म्हणेल की त्यात काय विशेष, आम्हाला तळेगाव चौक ओलांडायलाच तेवढा लागतो. मीही चाकणलाच जाते, त्यामुळे वाद घालणार नाही. पण चाकणला आपण हळू जातो ते पुढचा कंटेनर हलत नाही म्हणून. आणि खड्डा येतो तो आला हे कळायच्या आत येऊन गेलेला असतो. पावसात तर तो पाण्याने भरलेला, वरून सपाट दिसणारा. शेजारून दुचाकी, मागून हॉर्न, आणि गाडी आदळल्यावर आपण कोणाला तरी शिव्या देतो, जो तिथे हजर नसतो. खडकावर उलटं. तिथे अडचण लांबूनच दिसते. गाडी थांबवायची, उतरायचं, पुढचा चढ पायी चढून बघायचा, डावं चाक कुठे आणि उजवं कुठे ठेवायचं ते ठरवायचं, परत येऊन बसायचं, आणि मगच निघायचं. मागे रांग लागलेली असली तरी कोणी हॉर्न वाजवत नाही. एवढं एकच कारण असतं तरी मी गेले असते.

निघण्याआधी टायरमधली हवा काढतात. पेट्रोल पंपावर आपण पस्तीस भरून घेतो, तिथे ती अठरा-वीसवर आणायची. एकेका टायरपाशी उकिडवं बसून व्हॉल्व्हची पिन दाबायची, सूं आवाज ऐकत राहायचं, मधूनच गेज लावून बघायचं. टायर खाली पसरतो, बाजूने फुगतो, पंक्चर झाल्यासारखा दिसतो. जमिनीला टेकणारा त्याचा भाग त्यामुळे वाढतो आणि तो खडकाच्या उंचसखलपणावर बसतो. परत येताना कंप्रेसरने पुन्हा हवा भरायची, कारण असे टायर घेऊन हायवेवर गेलात तर ते तापून फाटतील. दुसरी गोष्ट लो रेंज, म्हणजे अशा गाड्यांमधली हळू चालीच्या गिअरची जोडणी. ती टाकली की इंजिन तेवढंच फिरतं पण चाकं कितीतरी हळू. आमच्या मित्राच्या रुबिकॉन प्रकारात चारपट हळू, आणि जोर चारपट. ऑटोमॅटिक गाडी असल्याने डावा पाय ब्रेकवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर, दोन्ही एकाच वेळी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ज्यासाठी बोलणी खाल्ली तेच इथे बरोबर. (ही रँग्लर 2021 पासून आपल्या रांजणगावातही जोडली जाते. गणपतीला जाताना तुम्ही त्या कारखान्यापासून फार लांब नसता.)

खडकाबद्दल सांगायचं तर सह्याद्रीच्या सवयीचा तिथे काही उपयोग नाही. आपला कातळ लाव्हाचा, बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ आलं की राजगडावर चांगले चांगले घसरतात. मोआबचा हा खडक म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या, घट्ट होऊन गोठलेल्या, अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या. त्या काळी वारा कुठून वाहत होता तेही खडकातल्या तिरक्या रेघांवरून वाचता येतं. हात फिरवला तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं वाटतं. कोरडा असताना त्यावर रबर असं धरतं की जिथे माणसाला उभं राहता येईल का अशी शंका येते तिथे जीप चढते. चढांवर वर्षानुवर्षांच्या टायरच्या काळ्या रेघा उमटलेल्या आहेत. वाट कळावी म्हणून खडकावर ठिकठिकाणी पांढऱ्या रंगात ज्वाळेचं चिन्ह काढलेलं आहे. त्यापलीकडे रस्ता म्हणून काही नाही.

वाटेची सुरुवातच एका अरुंद, उंच पाठीवर चढून होते. दोन्ही बाजूंना खडक खाली उतरत जातो, वर गाडीच्या रुंदीपेक्षा थोडीच जास्त जागा. चढ सुरू झाला की बॉनेट वर जातं आणि समोर फक्त आभाळ दिसतं. पुढे खडक आहे हे तुम्ही नुकतंच चालून बघितलंय म्हणून तुम्हाला माहीत असतं, दिसत मात्र नाही. त्यात आपली एक खास अडचण. जन्मभर आपण उजवीकडे बसून गाडी चालवतो, म्हणजे गाडीचा सगळा पसारा आपल्या डावीकडे. तो किती आहे हे शरीराला पाठ झालेलं असतं, नाहीतर तुळशीबागेजवळ कोणाची गाडी बाहेर पडली असती? तिथे सीट डावीकडे. अख्खी गाडी माझ्या उजव्या हाताला, जिथे आजवर फक्त दरवाजा असायचा. हायवेवर हे दोन तासांत अंगवळणी पडलं होतं. त्या पाठीवर आल्यावर शरीर सगळं विसरलं, आणि मी सारखी उजवीकडे सरकत होते.

इथे स्पॉटर लागतो. म्हणजे बाहेर उभं राहून, तुमच्याकडे तोंड करून, चाकं बघून तुम्हाला सांगणारा माणूस. आपल्याकडे ट्रकचा क्लीनर हे काम करतो, एसटी मागे घेताना कंडक्टर शिट्टी मारून करतो, आणि पार्किंगमध्ये "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स" म्हणणारे काका तर प्रत्येक सोसायटीत असतात. आमचा ताफा पुण्याचा, म्हणजे सगळेच जाणकार. पहिल्या चढाला चौघांनी चार दिशांना हात केले. एक "डावीकडे" म्हणाला, दुसऱ्याने "तिची डावी की आपली?" विचारलं, तिसऱ्याने "ड्रायव्हर साइड म्हण ना" असं सुचवलं, आणि ड्रायव्हर साइड म्हटल्यावर आमच्या सगळ्यांच्या डोक्यात उजवी बाजू येते हे चौथीने काढलं. डेन्व्हरच्या मित्राने गाडी थांबवायला लावली. म्हणाला, "एकच माणूस सांगणार. तोंडाने नाही, हातांनी. बाकीच्यांनी फोटो काढा, पण गप्प."

काम आमच्यातल्या सिव्हिलवाल्याकडे आलं. हा कॉलेजात असल्यापासून कमी बोलतो. तो पुढे खडकावर उलटा चालत होता आणि त्याचे दोन तळहात तेवढे मला बॉनेटच्या वर दिसत होते. उजवा तळहात थोडा कलला की मी स्टीअरिंग थोडं फिरवायचं, मूठ वळली की थांबायचं. मध्ये एकदा बॉनेट इतकं वर गेलं की हातही दिसेनात. तो थांबला, बाजूने चार पावलं वर चढला, खिडकीतून मला दिसेल असा उभा राहिला आणि पुन्हा हात वर केले. घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही. मला चाकाखालचं काहीच दिसत नव्हतं, त्याला सगळं दिसत होतं, आणि गाडी माझ्या पायाने पण त्याच्या नजरेने वर गेली. खरं सांगायचं तर "मी चालवली" हे म्हणताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. आणि तरी "अगंबाई, तू स्वतः चालवलीस?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. हो, स्वतः. सिव्हिलवाल्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यानेही चालवली, आणि तेव्हा हात माझे होते.

माझ्या मते या प्रकारातली खरी चैन ती आहे. पुण्यात गाडी चालवताना आपण रस्त्यावरच्या प्रत्येकावर संशय घेतो, घ्यावाच लागतो. रिक्षा कुठूनही वळेल, माणूस दुभाजकावरून उडी मारेल, सिग्नल सुटायच्या आत मागचा हॉर्न देईल. तिथे दिवसभर मी एकाच माणसावर डोळे लावून, तो सांगेल तेवढंच केलं. वरच्या पदावर आल्यापासून असं मी कुठेच वागलेले नाही. ऑफिसातल्यांनी हे वाचू नये.

खड्ड्याचंही सांगते, कारण तो त्या वाटेवर आहेच. मिकीज हॉट टब म्हणतात त्याला. खडकात वाडग्यासारखा पडलेला खोल खळगा. त्यात मुद्दाम गाडी उतरवायची आणि समोरच्या जवळजवळ उभ्या भिंतीवरून बाहेर काढायची. शेजारून सरळ, सोपा वळसा आहे. तरी लोक रांग लावून त्या खड्ड्यात जातात आणि बाकीचे काठावर खुर्च्या टाकून, सँडविच खात बघतात. आम्ही काठावर बसलो. एक गाडी मागच्या दोन चाकांवर उभी राहिल्यासारखी झाली, एक चाक हवेत गेलं, सगळ्यांनी श्वास धरला, आणि ती बाहेर आली. टाळ्या पडल्या. आमच्यातला एकजण म्हणाला, "आपल्याकडे याला टेंडर काढतात."

तिथून एक गोष्ट मात्र इकडे आणावीशी वाटली. खडकाच्या मधल्या वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून तो बांधलेला असतो, त्यामुळेच वाळू उडून जात नाही आणि बी रुजतं. त्यावर पाय पडला तरी तो मोडतो आणि भरून यायला कित्येक दशकं लागतात, चाक गेलं तर विचारूच नका. खडकातल्या लहान डबक्यांतूनही गाडी घालायची नाही. वाळलेल्या चिखलात कोळंबीच्या लांबच्या नातलगांची अंडी वर्षानुवर्षं पडून असतात आणि पाऊस आला की फुटतात. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारांवरच्या, डबक्यांतही असे जीव आहेत. तिथे कोणी पहारा देत नव्हतं, पण आखलेल्या वाटेबाहेर आम्हाला चाकाचा ठसा क्वचितच दिसला. आणि आपल्याकडे नवी फोर बाय फोर घेतली की पहिल्या पावसात ती नदीपात्रात नाहीतर गवताळ पठारावर घालायची, चिखल उडवायचा आणि व्हिडिओ टाकायचा. मला त्या गाड्या आवडतात, म्हणून जास्तच राग येतो. जीपची खुमखुमी जिरवायला सड्यावरची फुलं कशाला हवीत?

कोणाला जायचंच असेल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर बघा, उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे जातो. नेहमीच्या भाड्याच्या गाडीच्या करारात अशा वाटांना मनाई असते, तेव्हा गावातल्या जीप भाड्याने देणाऱ्यांकडूनच गाडी घ्या आणि कोणत्या वाटेला परवानगी आहे ते आधी विचारा. माणशी पाणी भरपूर, डोक्याला टोपी.

आणि एवढ्या लांब जायचं नसेल तर मुळशी-लोणावळ्याच्या बाजूला खासगी जागेत पैसे भरून चालवता येतं. कोणाच्या शेतात किंवा जंगलात शिरावं लागत नाही. तिथे या, बाहेर मी उभी राहीन. फक्त गाडीतली गाणी बंद ठेवा आणि मागच्या सीटवर सूचना देणारं कोणी बसवू नका.