कर्जतच्या पुढचा चढ : इंजिनाचा टॉर्क काढताना आलेला माझा अनुभव

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मी विषय घेतला, डबे ओढायला रेल्वे इंजिनाला किती टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, लागतो. सूत्र सोपं, बल गुणिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या मोजून मिळते. सगळी मेहनत आहे ती बल काढण्यात.

मी मुंबई-पुणे मार्गावरची गाडी धरली. २० डबे, प्रवाशांसकट प्रत्येकी ५० टन. पुढे डब्ल्यूएपी-७ इंजिन, वजन १२३ टन, सहा आस आणि प्रत्येक आसाला एक मोटर. एकूण ११२३ टन.

आधी सपाटी. गाडी सुटताना बेअरिंग आणि चाक-रूळ मिळून टनामागे ४ किलो विरोध धरला, तर सगळ्या गाडीला साडेचार टन जोर पुरतो. हे उत्तर मी पुन्हा पुन्हा तपासलं, इतकं ते कमी वाटलं. लोखंडावर लोखंड किती हलकं धावतं! पण दादरहून सुटल्यावर पुढे-मागे लोकल असतात, रेंगाळून चालत नाही. सेकंदाला ०.१ मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवायचा तर, फिरणाऱ्या चाकांचा वाटा धरून, आणखी साडेबारा टन. बेरीज १७ टन.

मग बोरघाट. कर्जतच्या पुढे काही ठिकाणी दर ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. १००० भागिले ३७, म्हणजे टनामागे २७ किलो. सपाटीवरच्या ४ किलोंवर हे २७! नुसत्या चढाचेच ३०.३ टन झाले, विरोध धरून ३४.८ टन, म्हणजे सुमारे ३४१ किलोन्यूटन. या इंजिनाचा सुटतानाचा कमाल जोर साधारण ३२२ किलोन्यूटन. घाटात उभी राहिलेली ही गाडी एकट्या इंजिनाने हलणारच नाही. वळणांचा विरोध तर मी अजून धरलाही नव्हता.

त्या ३२२ वरून टॉर्क काढला. सहा आसांत वाटले की आसाला ५३.७ किलोन्यूटन. नव्या चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, म्हणून त्रिज्या ०.५४६ मीटर, आणि आसावरचा टॉर्क २९.३ किलोन्यूटन-मीटर. झिजलेलं चाक १०१६ पर्यंत चालतं, पण जास्त टॉर्क मागतं ते मोठं चाक, म्हणून हिशेब नव्या चाकावर केला. गिअरचे दात ७२ आणि २०, गुणोत्तर ३.६. मोटरला द्यावा लागतो ८.१ किलोन्यूटन-मीटर, आणि गिअरमधली घट धरली की थोडा जास्त. १०० सीसीच्या मोटरसायकलचा टॉर्क ८ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका मोटरमागे हजार मोटरसायकली.

हा कागद कल्याणच्या मामांना दाखवला. ते लोको पायलट म्हणून निवृत्त झालेत. आकड्यांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "अगं, पाऊस कुठे धरलास यात?"

धरला नव्हता, कारण तोवर माझं सगळं लक्ष मोटरवर होतं. मामा म्हणाले, "मोटर कितीही फिरवेल. चाकाने रूळ धरला तर गाडी पुढे जाणार, नाहीतर जागच्या जागी गरगर." म्हणून तर चाकापुढे बारीक नळी असते, तिच्यातून रुळावर वाळू सोडतात. १२३ टनांना ३२२ किलोन्यूटन जोर लावायचा तर घर्षण गुणांक, म्हणजे वजनाच्या मानाने पकड, ०.२७ च्या जवळ लागतो, आणि तेवढा कोरड्या, स्वच्छ रुळावरच मिळतो. ओल्या रुळासाठी मी ०.१५ घेतला. इंजिनाची पकड उरली साडेअठरा टन. लागतात ३४.८. तूट १६.३ टनांची.

आता मागून बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारं जादा इंजिन, लावू. त्याचंही वजन १२३ टन धरलं तर पकड तेवढीच, साडेअठरा टन. पण त्याला स्वतःलाही चढायचं असतं, त्यात ३.८ टन जातात आणि गाडीला मिळतात १४.७. तूट भरत नाही, दीड टनाहून जास्त उरतेच. दुसरा बँकर लावला की तूट भरून वर १३ टन शिल्लक राहतात. वळणांना आणि वेग घ्यायला तेवढे हवेतच. शिवाय मागून ढकलल्यामुळे पुढच्या कपलिंगवरचा (डबे जोडणाऱ्या सांध्यावरचा) ताणही कमी होतो.

प्रोजेक्टमध्ये पावसाचा हा हिशेब मी कोरड्या रुळाच्या आधी घातला.