पायलट, डोंबिवली

"डायल रंग मारलेली आहे," घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग न काढताच सांगितलं. "मशीन ओरिजिनल. काटे भलत्याच घड्याळाचे. केस पॉलिश करून करून झिजलीय. घेतलंत कितीला?"

मी आकडा निम्मा करून सांगितला. तरीही ते हसले.

घड्याळ एचएमटीचं, 'पायलट'. काळी तबकडी, पांढरे ठसठशीत आकडे, १७ ज्वेल (आतल्या चाकांची झीज कमी करणारे बारके खडे), चावीचं. ऑनलाइन फोटोत असं काही झळकत होतं की रात्री साडेबाराला मी पैसे भरून मोकळा झालो. विमानात पट्टा लावतानासुद्धा शेजारच्याचं बघून लावणारा माणूस मी. पण 'पायलट' म्हटल्यावर हात शिवशिवले.

एचएमटी या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझनचं तंत्र घेऊन बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. नावं कशी सरळ ठेवली बघा: जनता, सोना, कोहिनूर, जवान, पायलट. जनता घालणारे जनतेतलेच होते. पायलट घालणाऱ्यांपैकी विमान उडवलेले किती, हा प्रश्नच आहे. मी पाहिलेले दोन पायलट म्हणजे आमचे चित्रकलेचे सर आणि एसटी स्टँडवरचे कंट्रोलर. २०१६ साली सरकारने घड्याळांचा धंदा गुंडाळायचं ठरवलं आणि ज्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकून दिली होती त्यांनाच अचानक उमाळा आला. मग मुंबईत जुन्या मशिनींवर नव्या रंगवलेल्या तबकड्या चढू लागल्या. परदेशातले घड्याळवेडे या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. म्हणजे मी लोकलच्या अंतरावरचा माल कुरियरने मागवला होता.

विमान आणि मनगट यांची गाठ पॅरिसमध्ये पडली. सांतोस-द्युमाँ नावाचा ब्राझिलियन उडाणटप्पू (शब्दशः) तिथे हवेत तरंगत असे. दोन्ही हात गुंतलेले असताना खिशातलं घड्याळ काढायचं कसं, अशी तक्रार त्याने आपल्या मित्राकडे केली. मित्र लुई कार्तिये. त्याने १९०४ साली त्याला मनगटावर बांधायचं चौकोनी घड्याळ करून दिलं. तोवर मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना. ते देखणं होतं, पण आज आपण ज्याला पायलटचं घड्याळ म्हणतो तसं अजिबात दिसत नव्हतं.

तो चेहरा आला दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलाकडून. लांगे, लाको, स्टोवा, वेम्पे आणि स्वित्झर्लंडची आयडब्ल्यूसी, अशा पाच कंपन्यांनी एकाच साच्यातली घड्याळं बनवली. व्यास ५५ मिलिमीटर, म्हणजे मनगटावर चटणीची वाटी बांधल्यासारखं. चामड्याचा पट्टा हा एवढा लांब, कारण तो कातडी जाकिटाच्या बाहीवरून बांधायचा. चावी फुगीर, जाड हातमोज्यातूनही पकडता येईल अशी. शौकीन तिला चक्क कांदा म्हणतात. तबकडी काळी आणि आकडे पांढरे, कारण समोरची बाकीची उपकरणंही तशीच. कॉकपिटच्या पाटीतलं एक भोक सुटून मनगटावर आलं, एवढंच. ज्या विमानांत बसून ही घड्याळं उडाली त्यांनी खाली काय टाकलं हे आठवलं की कौतुक करताना जीभ जरा अडखळते. पण ते घड्याळ आखणाऱ्याने एकही रेघ उगाच ओढली नव्हती, हेही खरंच.

१९४१ साली त्याची दुसरी तऱ्हा निघाली. तिच्यात मिनिटांचे मोठे आकडे बाहेरच्या कडेला आणि तास बिचारे आतल्या छोट्या वर्तुळात. कारण साधं. किती वाजले हे विमानातल्या दिशादर्शकाला (नेव्हिगेटरला) माहीतच असतं. त्याला हवी असतात मिनिटं. वेग आणि दिशा ठाऊक असली की गेलेल्या मिनिटांवरून आपण कुठे पोचलो ते मांडायचं. ताशी ३०० किलोमीटरने एक मिनिट म्हणजे ५ किलोमीटर.

माझं घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. मी हिशेब केला: त्याच वेगाने वीस किलोमीटरची चूक, म्हणजे डोंबिवलीला उतरायचं तर भांडुपला उतरलो असतो. घड्याळजींना हे सांगितलं तर म्हणाले, "अहो, तुम्हाला कुठे विमान चालवायचंय?"

मुद्दा बरोबर आहे. हे घड्याळ ज्याच्यासाठी जन्मलं त्याला ते बघायला अर्धा सेकंदही नसायचा. मी मात्र सकाळी चहा गाळण्याआधी पंचवीस वेळा चावी देतो, कानाला लावतो, बाही सरकवून बघतो, वेळ न वाचताच बाही खाली करतो. कोणी वेळ विचारली तर पुन्हा बघावं लागतं. बायको म्हणते, "बांगडी घातल्यासारखं काय करता!" कार्तियेच्या आधीचे लोक अगदीच चुकीचे नव्हते.

त्या जर्मन तबकडीत मला सगळ्यात आवडते ती बाराची जागा. तिथे बारा नाहीच. एक त्रिकोण आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके. मिट्ट काळोखात नुसतं रेडियम चमकत असताना वर कुठलं नि खाली कुठलं, हे त्या दोन ठिपक्यांवरून कळायचं. (रेडियम तेव्हा खरोखरचं रेडियम होतं, आपण रिक्षाच्या मागे चिकटवतो ते नव्हे.) माझ्या पायलटला त्रिकोण नाही, बाराच्या जागी बाराच आहे. हरकत नाही, म्हटलं, आकडा तरी दिसेल.

परवा मध्येच जाग आली. लाइट गेलेले, पंखा बंद. उताणा पडल्या पडल्या मनगट डोळ्यांसमोर धरलं. घड्याळजींनी काट्यांवर नवं रेडियम भरून दिलेलं, त्यामुळे दोन हिरवट काड्या छान दिसत होत्या. पण आकडे मारले होते साध्या पांढऱ्या ऑइलपेंटने. ते अंधारात गडप. हवेत नुसत्या दोन काड्या तरंगतायत. अकरा वाजलेत की साडेचार, काही केल्या कळेना. हात उलटा केला, सुलटा केला. शेवटी उशाखालचा मोबाइल चाचपला.