तुम्ही विचारलंत म्हणून : गाणी ऐकायला भारीतला हेडफोन कुठला घेऊ?

"दोन-तीन मॉडेलं निवडून ठेवली आहेत, फक्त गाणी ऐकायची आहेत, पुन्हा पुन्हा खर्च करायचा नाही, यातलं कुठलं घेऊ?" थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. मी नाव सांगायचं सोडून उलटतपासणी सुरू करते आणि समोरच्याचा विरस होतो. म्हणून आज आधी नाव सांगून टाकते, मग माझं म्हणणं.

नाव : सेन्हायझर एचडी ६००. १९९७ साली आलेला हा हेडफोन. त्यानंतर त्याच्या कितीतरी पट महाग हेडफोन आले, तरी माणसाचा गळा आणि एकटं वाद्य ऐकताना याच्यात खोट काढायला फार कमी जागा सापडते. अगदी खालचा बेस कमी आहे, आवाजाचा पसारा लहान आहे आणि नवा असताना डोकं चांगलंच आवळतो. एवढं चालत असेल तर डोळे झाकून घ्या. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

वाचताय, म्हणजे एवढ्यावर भागत नाही. ठीक आहे.

माझी कसोटी एकच आहे. हेडफोन लावा, ऐकत बसा आणि आपला हात व्हॉल्यूमकडे किती वेळा जातो ते बघा. एकदा आवाज लावल्यावर तासभर तिकडे बघावंसंही वाटलं नाही, तर तो हेडफोन तुमचा. सारखं खाली-वर करावं लागलं तर काहीतरी बिनसलंय. आणि काय बिनसलंय, तेही हात नेमका कधी गेला त्यावरून बरंचसं कळतं.

पहिला प्रकार : गाण्याचा जोर चढला की आवाज कमी करावासा वाटतो, जोर ओसरला की परत वाढवावासा. इथे बहुतेक वेळा ट्रेबलमध्ये, म्हणजे वरच्या पट्टीत, एखादं टोक असतं, तेवढाच भाग जास्त जोरात वाजतो, साधारण ५ ते ९ हजार हर्ट्झच्या टप्प्यात कुठेतरी. गायिकेचा 'स' आणि 'श' सुईसारखा लागतो, झांजा फुटतात. पहिल्या दहा मिनिटांत हेच टोक फार आवडतं, कारण त्यामुळे सगळं स्वच्छ आणि बारीकसारीक ऐकू आल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासाने कान शिणतात आणि गाणं बंद करावंसं वाटतं, पण कारण हेडफोन आहे हे लक्षात येत नाही. आज मूड नाही, एवढंच आपण म्हणतो. सेन्हायझरचा एचडी ८०० हा २००९ चा हेडफोन मोकळेपणासाठी नावाजला गेला, पण ६ हजार हर्ट्झच्या आसपासच्या अशाच टोकाने कित्येकांना छळलं. पुढे एचडी ८०० एस काढताना कंपनीने ते टोक शोषून घेणारी रचना आत घातली. जुनाच बरा म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांचे कान वेगळे असतील.

कान वेगळे असतात, हे मी वाद टाळायला म्हणत नाही. कुठल्या पट्टीतला आवाज किती जोरात वाजतो हे दाखवणारे जे आलेख तुम्ही पाठवता, त्यांचा घोळ इथेच आहे. रेघ सपाट नाही म्हणजे हेडफोन वाईट, असं अनेकांना वाटतं. पण बाहेरून येणारा आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचेस्तोवर कानाची पाळी आणि नळी त्याला घडवतात. ३ हजार हर्ट्झच्या आसपास तो १० डेसिबलहून जास्त वाढतो. हेडफोन या वाटेचा बराचसा भाग टाळून थेट कानाशी बसतो, म्हणून तो उंचवटा त्याने स्वतः भरून द्यावा लागतो. पडद्याशी मोजलेली रेघ अगदी सपाट असलेला हेडफोन लावलात तर गाणारा भिंतीपलीकडे बसल्यासारखा वाटेल. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी हारमन या ध्वनियंत्रांच्या कंपनीत श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकवून बहुतेकांना आवडणारी एक रेघ काढली. हारमन टार्गेट म्हणतात ती हीच. आलेख बघायचा तर त्या रेघेशी ताडून बघा. मात्र ८-९ हजार हर्ट्झच्या वर मोजणाऱ्या यंत्राचा कान आणि तुमचा कान यांचं फारसं जुळत नाही, तिथे रेघ काय म्हणते ते मनावर घेऊ नका. नको ते हेडफोन गाळायला आलेख उत्तम. त्यावरून पसंती ठरवू नये.

दुसरा प्रकार : आवाज सारखा वाढवावासा वाटतो, वाढवला तरी भरत नाही. इथे आधी चष्मा बघा. चष्म्याची काडी पॅडखालून जाते, तिथे फट पडते आणि बेस गळतो. बंद पाठीच्या (क्लोज्ड) हेडफोनात हे विशेष जाणवतं. दोन्ही कप हातांनी हलकेच कानाशी दाबून बघा. बेस एकदम वाढला तर फट आहे, आणि तो हेडफोन तुमच्या डोक्यावर तरी त्या आलेखासारखा वाजणार नाही. मऊ, खोल पॅडचा दुसरा बघा किंवा बारीक काडीचा चष्मा घाला. चष्मा काढून ऐकेन असं म्हणणारे लोक आठवड्यात कंटाळतात.

चष्मा नसेल तर दुसरं कारण. आवाज जितका हळू, तितका बेस आपल्याला कमी ऐकू येतो. कानाची घडणच तशी आहे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच ते मोजून मांडलं होतं. म्हणून हळू ऐकणाऱ्याला बेस किंचित उचललेला हेडफोन भरदार वाटतो आणि मोठ्याने ऐकणाऱ्याला तोच घुमणारा वाटतो. म्हणजे माझा पहिला उलटा प्रश्न हा : किती आवाजात ऐकता? खरं सांगा. दुकानात कुणीच रोजच्या आवाजात ऐकत नाही. शिवाय दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकले की त्यातला जरा मोठ्याने वाजणारा हमखास सरस वाटतो, फरक अगदी एखाद्या डेसिबलचा असला तरी. तुलना करायची तर नुसत्या गळ्याची एखादी ओळ घ्या. समोर बसून कुणी गातंय इतक्याच आवाजात दोन्ही लावून घ्या, मगच मत द्या. हे न करता दिलेल्या मताला मी किंमत देत नाही, माझ्या स्वतःच्याही.

काय ऐकून पारखायचं? तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं. डेमोची चकचकीत रेकॉर्डिंगं कुठल्याही हेडफोनवर छान वाजतात, त्यासाठीच ती केलेली असतात. मी सुरुवात नुसत्या तानपुऱ्यावर करते. जवारी, म्हणजे तार आणि घोडी यांची जुळणी, नीट लागलेली असेल तर खर्जाची तार छेडल्यावर स्वर हळूहळू उलगडतो, त्यातून पंचम वर येतो आणि मागाहून कुणी न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. टोक असलेल्या हेडफोनवर हा गंधार जवारीच्या करकरीत बुडतो. मंद हेडफोनवर तो उगवतच नाही, नुसती गुणगुण राहते. मग तबला. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा घुमारा वर चढतो, त्या चढण्यातला स्वर ऐकू आला पाहिजे. फुगवलेल्या बेसमध्ये तो चढ पुसला जातो आणि नुसता धप्प आवाज उरतो. हे दोन्ही जमलं की भरगच्च वाद्यमेळाचं काहीतरी लावायचं आणि मागच्या व्हायोलिनांचा माग काढता येतो का ते बघायचं.

शेवटी मात्र तुमचं लाडकं पण वाईट रेकॉर्ड झालेलं एखादं गाणं लावा. प्रत्येकाकडे असतंच. पुष्कळ महागडे हेडफोन इथे हरतात. टेपची सरसर, माइकचा फाटका आवाज हे सगळं पुढे आणून ठेवतात आणि गाणं मागे राहतं. तुमच्या संग्रहात निम्मं जुनं असेल तर मी तुम्हाला भिंगासारखा हेडफोन सुचवणार नाही, मग तो कितीही थोर असो. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगांची आणखी एक गंमत असते. कधी वाद्यं पूर्ण डावीकडे आणि गळा पूर्ण उजवीकडे. स्पीकरवर दोन्ही आवाज दोन्ही कानांत मिसळतात, हेडफोनवर मिसळत नाहीत आणि अर्धं डोकं रिकामं वाटतं. एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या बाजूला सोडणारी क्रॉसफीडची युक्ती बेंजामिन बावर यांनी १९६१ मध्ये मांडली होती. आता ती कित्येक प्लेअरमध्ये एका बटणावर मिळते. हेडफोन बदलण्याआधी ते बटण दाबून बघा.

तिसरा प्रकार : आवाज वाढवायला हात जातो आणि वाढवायला जागाच उरलेली नसते. इथे अ‍ॅम्प (हेडफोनला शक्ती पुरवणारं यंत्र) कमी पडतोय. आवाज १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट शक्ती लागते. कंपन्यांच्या आकड्यांनुसार फोकल युटोपिया या हेडफोनची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीत तो किती मोठ्याने वाजतो तो आकडा, १०४ डेसिबल आणि हायफायमन सुस्वरा या हेडफोनची ८३. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी सुस्वराला शंभरपटीहून जास्त शक्ती द्यावी लागते. पहिला साध्या यंत्रावरही वाजेल, दुसऱ्यासाठी दणकट अ‍ॅम्पचा खर्च आधीच धरून ठेवा. नुसता ओहमचा, म्हणजे विद्युत अवरोधाचा, आकडा बघून घाबरू नका, संवेदनशीलतेचा आकडा सोबत बघा. ओहमचं महत्त्व दुसरीकडे आहे. एचडी ६०० सांगायला ३०० ओहमचा, पण बेसच्या एका टप्प्यात त्याचा अवरोध बराच वर चढतो. व्हॉल्व्हच्या ज्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा अवरोध) जास्त असतो, त्यांच्यावर तो बेसमध्ये जरा फुगतो. काहींना तेच आवडतं आणि मग ते व्हॉल्व्हच्या ऊबेचं कौतुक करतात. करू द्या.

केबल बदलून आवाज सुधारत नाही. तुटली, आखूड पडली किंवा टोचली तर बदला. शंभर तास वाजवल्यावर हेडफोन 'खुलतो' म्हणतात, त्यात बराचसा वाटा पॅड मऊ होण्याचा आणि आपल्या सवयीचा असतो. सीडीच्या १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झमध्ये ऐकण्यापुरतं सगळं मावतं. त्याहून मोठ्या फाइल शोधण्यापेक्षा त्याच ध्वनिमुद्रणाचं चांगलं मास्टरिंग (प्रकाशित करण्याआधीचं शेवटचं ध्वनिसंस्करण) शोधा.

ओपन (उघड्या पाठीचा) की क्लोज्ड? खोली शांत असेल आणि शेजारी कुणी झोपलेलं नसेल तर ओपन, निःसंशय. ओपन हेडफोन बाहेर जवळजवळ तेवढाच वाजतो आणि बाहेरचं सगळं आत येऊ देतो, पण डोक्यात कोंडल्यासारखं होत नाही. खोली शांत नसेल तर क्लोज्ड घ्या, नाहीतर गोंगाटावर मात करायला हात पुन्हा व्हॉल्यूमकडे जाणार. प्रवासात ऐकायचं असेल तर आवाज रोखणारा वायरलेस सरळ घ्या, त्यात कमीपणा नाही. पण त्याची बॅटरी थकली की बहुधा हेडफोनच थकतो, म्हणून आयुष्यभराचा म्हणून त्यात मोठा पैसा घालू नये असं माझं मत आहे.

आणि हात व्हॉल्यूमकडे जाण्याचा हिशेब नुसता समाधानाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाला ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं. ९० वर हीच मर्यादा ४ तासांवर येते. हळू आवाजातही पोट भरतं असा हेडफोन मिळाला तर याच मापाने दहापट ऐकायला मिळतं.

वजनाचं कुणीच विचारत नाही. एचडी ६०० पाव किलोच्या आसपास आहे, प्लेनर (सपाट, पातळ पडद्याने आवाज काढणाऱ्या) जातीचे कित्येक हेडफोन अर्ध्या किलोच्या पुढे जातात. दुकानात ते भारदस्त वाटतं. घरी तासाभराने टाळूवर एक बिंदू दुखायला लागतो आणि हात व्हॉल्यूमऐवजी पट्ट्याकडे जायला लागतो. परत करायची सोय असेल तिथूनच घ्या, आणि त्या मुदतीत एक अख्खी संध्याकाळ न काढता घालून बसा.

किती वर जायचं? एचडी ६०० च्या पायरीपर्यंत प्रत्येक पायरीला आवाज उघडपणे सुधारतो. त्यापुढे तो मुख्यतः वेगळा होतो. एखाद्याचा मोकळेपणा, एखाद्याचा खोल बेस, एखाद्याचा वेग. तुम्हाला यातलं नेमकं काय कमी पडतंय ते एका वाक्यात सांगता आलं तर वर जा. "अजून भारी हवाय" एवढंच सांगता येत असेल तर आहे त्यावरच ऐका.

घेतल्यावर एकच देखभाल : पॅड. ते बसके झाले की कान ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाच्या, जवळ येतो, फटी पडतात आणि आवाज बदलतो, इतका हळूहळू की कळत नाही. लोक म्हणतात हेडफोन जुना झाला आणि विकायला काढतात. आधी पॅड बदलून ऐका. आणि मूळ कंपनीचेच घ्या. दुसऱ्या कुणाचे जाड, गुबगुबीत पॅड लावले तर तुम्ही पारखून घेतलेला आवाज त्यात राहत नाही. म्हणून घेतानाच पॅड, केबल आणि डोक्यावरची गादी सुटी मिळते का ते विचारून घ्या. एचडी ६०० चं हे सगळं सुटं मिळतं.