एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि माझं चार्जिंगपुराण

बेस कॅम्पच्या वाटेवरच्या लोबुचे गावातल्या लॉजमधला डायनिंग हॉल. मधोमध शेगडी, तिच्यात याकच्या शेण्या जळतायत, सगळी मंडळी गोल करून हात शेकत बसलीयेत आणि मी एकटा काउंटरपाशी थंडीत उभा. का, तर तिथे एक एक्स्टेन्शन बोर्ड आहे, त्यात गावभरच्या वायरी घुसल्यात आणि त्यातली माझी कुठली तेच कळत नाहीये. लॉजवाल्या दीदींनी वहीत लिहून घेतलं, पॉवर बँक फुल चार्ज, हजार रुपये. नेपाळी हां. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, तरी सव्वासहाशे झालेच की! पुण्यात एवढ्यात दोघं पोटभर जेवून येतात.

पण दीदींशी घासाघीस करायची लाज वाटते. खालच्या नामचे गावापर्यंत ठीक असतं, तिथे थामेकडच्या जलविद्युत प्रकल्पाची वीज येते, रूममध्ये प्लग मिळू शकतो. त्याच्या वर जसजसं चढाल तसतसा सगळा कारभार सोलरवर, ढग आले की बोंबला. लॉजचं बहुतेक सामान खालून माणसांच्या नाहीतर याकच्या पाठीवर येतं, त्यामुळे गरम पाणी, वायफाय, चार्जिंग सगळ्याला मीटर लागतो.

घरून निघताना मी हिशोब केला होता बरं का, अगदी वहीत. घड्याळ जीपीएस चालू ठेवून ३० तास चालतं म्हणे, चढायचे आठ दिवस, त्यातले दोन नामचे आणि दिंगबोचेला हवामानाची सवय व्हायला थांबायचे, रोज सरासरी पाचेक तास चाल धरली तर वर जाईपर्यंत एक-दोनदा चार्ज केलं की बास. कॅमेरा जुना मिररलेस, बॅटरी १०२० एमएएचची, कंपनी म्हणते ३६० फोटो निघतात, म्हणून चार बॅटऱ्या घेतल्या. पॉवर बँक २०,००० एमएएच, म्हणजे ३.७ व्होल्टनी गुणलं की ७४ वॉट-अवर, विमानात १०० पर्यंत चालते. फक्त ती केबिन बॅगेतच ठेवायची, आमच्यातल्या एकाने चेक-इनमध्ये टाकली आणि मुंबईला त्याची अख्खी सॅक उघडून घेतली.

हिशोब बरोबर होता, फक्त त्यात थंडी नव्हती आणि माझा मूर्खपणा नव्हता.

मूर्खपणा दिंगबोचेला सुरू झाला. ४४०० मीटरवर डोकं थोडं जड झालं, मनात शंकेची पाल चुकचुकली, म्हणून घड्याळात रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजायचं सेटिंग चालू केलं. त्याचा तो लाल दिवा मनगटावर रात्रभर जळत राहतो आणि बॅटरी पिऊन टाकतो. आकडा ७९ आला की मी घाबरायचो, ८४ आला की खूश, झोप काही लागायची नाही. आमचा गाईड दाइ (नेपाळीत दादा) म्हणाला, भूक लागते का, चालताना तोल जातो का, ते बघ, घड्याळ काय बघतोस. वर मी जीपीएस पण सगळ्यात भारी मोडवर ठेवलेला, सगळ्या देशांचे सॅटेलाइट एकदम पकडणारा. तिथे वाट एकच, सगळे त्याच वाटेने चाललेत, हरवायचं म्हटलं तरी जमणार नाही, मग इतक्या अचूक रेघेचं मला काय लोणचं घालायचं होतं कोण जाणे.

एक गोरा आजोबा मात्र सॅकवर सोलर पॅनल टांगून मस्त चालला होता. विचारलं तर म्हणाला, चढताना तोंड उत्तरेला, पाठ दक्षिणेला, त्यामुळे दिवसभर पाठीवर ऊन. उतरताना काय करणार म्हटलं, तर हसला आणि म्हणाला उलटा चालेन.

लोबुचेहून गोरक शेप हा शेवटचा मुक्काम, तिथे सामान टाकून बेस कॅम्प आणि परत, हा सगळ्यात लांब दिवस. संध्याकाळी घड्याळ ९ टक्के. म्हटलं काय टेन्शन नाही, हजार रुपये मोजून भरलेली पॉवर बँक आहे. घड्याळ जोडलं, दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये घेतलं. तिथे आधीच तीन कॅमेरा बॅटऱ्या आणि फोन होते, म्हणजे कुशीवर वळलं की कुठलातरी कोपरा बरगडीत. पहाटे साडेतीनला उठलो तर बाटलीतलं पाणी गोठलेलं आणि घड्याळ ११ टक्के. अख्ख्या रात्रीत दोन टक्के!

याचं कारण उतरताना पांगबोचेला एका बंगाली काकांनी सांगितलं. घड्याळ इतका थोडा करंट ओढतं की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, मग ती आपोआप बंद होते. उपाय काय, तर शेजारच्या पोर्टला फोन पण लावून ठेवायचा म्हणजे ती जागी राहते. काही पॉवर बँकांना बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड चालू होतो. माझ्या पॉवर बँकेला होता तो मोड. माहितीपत्रक मी खोक्यासकट कचऱ्यात टाकलं होतं.

तर ११ टक्क्यांवर चार वाजता काला पत्थर, म्हणजे गोरक शेपच्या डोक्यावरचा, एव्हरेस्ट बघायला चढतात तो डोंगर, चढायला लागलो. हेडलाइटच्या उजेडात दहा पावलं, थांबा, परत दहा पावलं. ५:५० ला, वरची पताका दिसत असताना, मनगटावर एक थरथर झाली आणि स्क्रीन काळी.

वर पोचून कॅमेरा काढला. ६२ टक्के दाखवत होता, दोन फोटो झाले आणि तो पण गेला. यावेळी मात्र मी घाबरलो नाही, कारण थंडीत बॅटरी संपत नाही, आखडते. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली आडवी केली तरी तेल येत नाही ना, तसंच, आतला द्रव घट्ट होतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेऱ्याला वाटतं संपली. आतल्या खिशातली गरम बॅटरी घातली, ही काढून थर्मलच्या आत काखेत धरली. (लोखंडाचा तुकडा काखेत धरल्यासारखं वाटतं, सांगून ठेवतो.) पंधरावीस मिनिटांनी परत घातली तर तीच बॅटरी निम्मी भरलेली! अशी गारठलेली बॅटरी वापरली तर चालते, पण शून्याच्या खाली चार्ज मात्र करू नका, आत लिथियमचा थर बसतो आणि तिचं कायमचं नुकसान होतं.

सूर्य एव्हरेस्टच्या मागून येतो, त्यामुळे पहाटे एव्हरेस्ट काळाच दिसतो, सोनेरी उजेड पडतो तो आपल्या पाठीमागच्या पुमोरी शिखरावर. एव्हरेस्टचे सोनेरी फोटो हवे असतील तर संध्याकाळी चढा, हे मला वर गेल्यावर कळलं.

घरी येऊन ग्रुपवर घड्याळाचा नकाशा टाकला. लगेच एकाचा मेसेज, रेघ तर टोकाच्या खालीच संपलीये, वर गेलाच नाहीस की! मी चिडून वरून काढलेला पहिला फोटो टाकला, वेळेसकट. वेळ होती ५:४७. नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, घड्याळाने ते आपलं आपण बदललेलं, कॅमेरा अजून भारतातच. म्हणजे पुराव्यानिशी बघायला गेलं तर घड्याळ खाली बंद पडायच्या तीन मिनिटं आधीच मी वर पोचलो होतो.