खोक्याची मागची बाजू

गेल्या आठवड्यात एका दुपारी फडताळ आवरायला घेतले आणि न्याहारीच्या सीरिअलचे चार अर्धवट खोके एकामागून एक बाहेर आले. चारही मीच आणलेले होते, आणि चारही वेगवेगळ्या सुबुद्धीच्या दिवशी. एकावर गव्हाची सोनेरी ओंबी होती, दुसऱ्यावर ‘मल्टीग्रेन’ असे ठसठशीत लिहिले होते, तिसऱ्यावर मधाचा थेंब ओघळत होता आणि चौथ्यावर धावणारी एक सडपातळ बाई होती, जी त्या खोक्यातले काही खात असेल असे मला कधीच वाटलेले नाही. सर्वांत मागे पत्र्याचा एक डबा होता. तो न उघडता मी बाजूला ठेवला आणि आवरायचे सोडून खोके वाचत बसले.

खाताना समोर काहीतरी वाचायला लागते, ही माझी जुनी खोड. लहानपणी टेबलावर पुस्तक आणायला सक्त मनाई होती. मात्र खोका म्हणजे पुस्तक नव्हे, ही पळवाट मी फार लवकर शोधून काढली होती. बाबांच्या आणि माझ्या मधोमध खोका उभा असे. माझ्याकडे त्याची दर्शनी बाजू, म्हणजे चित्रे आणि मोठमोठी अक्षरे. बाबांकडे मागची बाजू, जिच्यावरची बारीक अक्षरे ते चष्मा कपाळावर सरकवून, खोका नाकाजवळ नेऊन वाचत. मी खोका हट्टाने फिरवून घेतला की ते म्हणत, “त्या बाजूला जाहिरात आहे आणि या बाजूला कबुली. तुला काय वाचायचे ते ठरव.” मी अर्थातच जाहिरात वाचत असे.

एका रविवारी त्यांनी रात्रभर भिजवलेला गव्हाचा एक दाणा बशीत ठेवला, दाढीच्या पात्याने तो उभा चिरला आणि माझ्या हातात भिंग दिले. वरची तांबूस साल म्हणजे कोंडा, आतला पांढराशुभ्र भाग म्हणजे पिठूळ गर, आणि एका टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा पिवळसर ठिपका म्हणजे अंकुर. दाण्याच्या वजनात गर साधारण 83 टक्के, कोंडा 14 टक्क्यांच्या आसपास आणि अंकुर जेमतेम अडीच. “रोप या ठिपक्यातून येते,” बाबा म्हणाले, “बाकीचा पांढरा भाग ही त्याची शिदोरी.” तंतुमय भाग बहुतेक सगळा कोंड्यात, ब गटातील जीवनसत्त्वांचा आणि लोहाचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात, आणि तेल अंकुरात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, तेव्हा कोंडा आणि अंकुर झटकून केवळ गर दळणे सोपे झाले. त्या पांढऱ्या पिठाचे कौतुक रंगासाठी झाले, तसेच टिकाऊपणासाठीही झाले. कारण अंकुरातले तेल कालांतराने खवट होते आणि अंकुरच नसला तर खवट व्हायला फारसे काही उरत नाही. बाबांनी हे मला इतक्या गंभीरपणे सांगितले की गिरणीवाल्यांनी त्यांची वैयक्तिक फसवणूक केली आहे, असे मला बरेच दिवस वाटत होते.

तर त्या दुपारी मी चारही खोके पाठमोरे उभे केले. ‘संपूर्ण धान्य’ या शब्दाचा अर्थ एवढाच की दाणा दळला, चेपला किंवा भरडला तरी त्याचे तिन्ही भाग मूळ प्रमाणात राहिले पाहिजेत. ‘मल्टीग्रेन’ या शब्दाला असा कोणताही अर्थ नाही. सात धान्ये घेऊन सातही सोलून टाकली तरी तो शब्द खोटा ठरत नाही. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. माझ्या मल्टीग्रेन खोक्यात पहिला मान रिफाइंड गव्हाच्या पिठाचा होता, दुसरा साखरेचा, आणि ज्या ओट्सचे चित्र दर्शनी बाजूवर मूठभर उधळले होते ते मिठाच्या शेजारी सहाव्या जागी अंग चोरून उभे होते. तपकिरी रंगाचेही तसेच: तो कोंड्याचा असतोच असे नाही, काकवीने किंवा जाळलेल्या साखरेनेही येतो. मधाच्या खोक्यात साखर, ग्लुकोज सिरप, मध आणि माल्टचा अर्क हे चौघे भाऊ चार वेगवेगळ्या दारांनी आत शिरले होते, त्यामुळे यादीत कोणीच फारसा वर दिसत नव्हता. कर्बोदकांच्या आकड्याला दहाने भागावे आणि तंतूंचा आकडा निदान तेवढा तरी आहे का ते पाहावे, असा एक सोपा हिशेब आहे. त्यात तीन खोके नापास झाले. धावणारी बाई अगदी थोडक्यात हुकली, हे मान्य केले पाहिजे.

हे सगळे आकडे 30 ग्रॅमच्या एका वाढणीचे असतात, ही त्यातली खरी गंमत. मी माझी नेहमीची वाटी भरून वजनकाट्यावर ठेवली, तर ती 74 ग्रॅम निघाली. म्हणजे खोक्यावर जी 9 ग्रॅम साखर दिसत होती ती माझ्या वाटीत 22 ग्रॅम झाली, चहाच्या चमच्याने मोजली तर साडेपाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला अशी वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, आणि माझा दिवस तर सकाळी साडेसातलाच संपत होता. ओंबीच्या खोक्याची यादी मात्र एका ओळीत आटोपली होती: अख्खा गहू, माल्टचा अर्क, मीठ. चौघांत सर्वांत भरलेला खोकाही तोच होता, कारण त्यातला पदार्थ आणि त्याचा पुठ्ठा यांच्या चवीतला फरक मला अजून नीटसा सापडलेला नाही.

वास्तविक हे खाणे चवीसाठी जन्मलेलेच नाही. 1863 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथील आरोग्यधामात जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी कोंडायुक्त पिठाचा जो ‘ग्रॅन्युला’ केला, तो रात्रभर भिजत घातल्याशिवाय दातांनी फुटत नसे, म्हणजे उद्याची सुबुद्धी आदल्या रात्रीच सुचावी लागे. 1894 मध्ये बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात केलॉग बंधूंनी शिजवून तसाच राहून गेलेला गहू रुळांखाली घातला आणि त्याच्या पाकळ्या झाल्या. पुढे धाकट्या भावाने त्यांत साखर घातली, थोरल्याला ते पटले नाही, आणि 1906 मध्ये धाकट्याने आपली वेगळी कंपनी काढली. माझ्या फडताळातले भांडण थोडक्यात त्या दोन भावांचेच आहे.

बाबांनी ते भांडण आपल्यापुरते मिटवले होते. रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले तेव्हा ते ओट्सकडे वळले, आणि वळले तेही कापलेल्या अख्ख्या दाण्याच्या ओट्सकडे, ज्यांना शिजायला अर्धा तास लागतो. चेपून पातळ केलेले ओट्स पाच मिनिटांत होतात आणि झटपट पाकिटातले दोन मिनिटांत. धान्य तेच, पण दाणा जितका मोडलेला तितकी साखर रक्तात लवकर चढते, असे ते मला दर वेळी नव्याने सांगत. ओट्समधील बीटा-ग्लुकन नावाचा तंतू पोटात चिकट खळीसारखा होतो, पित्ताम्ले धरून बाहेर नेतो, आणि नवी पित्ताम्ले करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागते, म्हणजे साधारण 60 ते 75 ग्रॅम ओट्स, आणि ते खरोखर तेवढे मोजून घेत. लाकडी चमचा घेऊन ते शेगडीजवळ अर्धा तास उभे राहत, ढवळत आणि डब्याची मागची बाजू वाचत. तिथे घटक पदार्थांखाली एकच शब्द होता: ओट्स. “याला म्हणतात कबुली,” असे ते एकदा म्हणाले होते. चवीबद्दल मात्र त्यांनी शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाही.

चारही खोके जागच्या जागी गेल्यावर पत्र्याचा डबा तेवढा उरला. दोन वर्षांत तो कोणी उघडलेला नव्हता. झाकण घट्ट बसले होते, चमच्याच्या टोकाने उचकटावे लागले. आत तळाशी चार बोटे ओट्स होते आणि त्यांच्यात मापाचा चमचा तिरपा रुतलेला होता. नाक जवळ नेले तेव्हा जुन्या तेलाचा, उग्र, खवट वास आला. म्हणजे अंकुर शाबूत होता.

झाकण दाबून बसवले आणि डबा पुन्हा मागे ठेवला.